मूल साक्षीदार नव्हे



घटस्फोट हा शब्द आपल्या समाजात आजही दबक्या आवाजात उच्चारला जातो. मी तो व्यासपीठावरून उच्चारीत आहे, कारण माझ्या कन्येचा संसार मोडला तेव्हा माझा नातू नऊ वर्षांचा होता. तिच्या संमतीनेच हे सांगतो.

दर दुसऱ्या शनिवारी तो वडिलांकडे जाई. रविवारी सायंकाळी परतला, की मी त्यास जवळ बसवून विचारी, "तिकडे आईविषयी काय बोलणे झाले?" यात माझे काही चुकते आहे, असे मला वाटतही नसे. एके दिवशी तो म्हणाला, "आजोबा, तिकडचे आजोबापण मला हेच विचारतात. मी काय सांगू म्हणजे कुणीच रागावणार नाही?"

मी निरुत्तर झालो. दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनी मिळून त्या बालकास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले होते.

वाणिज्य शाखेत आम्ही शिकलो, की भागीदारी विसर्जित झाली तरी आधीची देणी भागीदारांना चुकत नाहीत. पती-पत्नी विभक्त होतात. मातृत्व व पितृत्व विसर्जित होत नाही.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. २०१४ मध्ये जैनांना राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तरी हा कायदा लागूच राहतो, असे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्याच्या कलम २६ नुसार मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयी आदेश देताना न्यायालय शक्य तेथे मुलांची इच्छाही विचारात घेते. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने तर अज्ञान बालकाचे कल्याण सर्वोपरी मानले आहे. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद सुचविली. परंतु न्यायालय भेटीचे वार ठरवू शकते. त्या भेटीतील गोडवा घरानेच राखावयाचा असतो.

त्यासाठी काय करावे? शक्य असल्यास आई-वडिलांनी एकत्र बसून मुलास सांगावे, की हे तुझ्यामुळे घडलेले नाही आणि आम्ही दोघेही तुझेच आहोत. मुले बहुधा मनातल्या मनात स्वतःलाच दोषी ठरवितात. भेटीचे दिवस निश्चित असावेत व ते पाळावेत. शाळा, मित्र, झोपेची वेळ शक्यतो बदलू नये. फी वा पोटगीचे निरोप मुलाकरवी पाठवू नयेत. त्याच्यासमोर दुसऱ्या पालकाची निंदा करू नये, कारण मूल त्या दोघांचेही असते. झोप उडाली, अभ्यास ढासळला, मूल अबोल झाले, तर वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यावे व समुपदेशकांकडे जावे. कौटुंबिक न्यायालयातही समुपदेशक असतात. मात्र जेथे मारहाण वा हिंसा आहे, तेथे समेटाचा आग्रह धरू नये. आधी माता व मूल यांची सुरक्षितता पाहावी.

आणि आपण आप्तजनांनी? लग्नसमारंभात त्या मुलास "आता तू कोणाकडे असतोस?" असे विचारू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

त्या वर्षी संवत्सरीला मी व्याह्यांना दूरध्वनी केला. वर्षभरात आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. "मिच्छामि दुक्कडम्" म्हणताना माझा कंठ दाटून आला. पलीकडेही क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "चूक आमचीही झाली." कन्येचा संसार त्यामुळे जुळला नाही. पण नातवास कोणीही काही विचारावयाचे नाही, असे आम्हा दोन वृद्धांचे ठरले.

आता रविवारी तो घरी आला, की मी एवढेच विचारतो, "जेवलास ना?" उरलेले तो आपणहून सांगतो.