सारा शेनिरर आणि ज्यू स्त्रियांचे धर्मशिक्षण



माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा धर्मग्रंथांविषयी हा गृहस्थ काय सांगणार, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, ती सारा शेनिररही कपडे शिवून पोट भरणारी बाई होती.

तिचा जन्म १८८३ सालचा, क्राको शहरातला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. शिक्षण सक्तीचे असल्याने ज्यू मुली सरकारी शाळेत जाऊन पोलिश वाङ्मय शिकत. धर्मनिष्ठ घरांतले मुलगे पाठशाळेत तोरा व तालमूद घोकीत. मुलींना तोरा शिकवावी की नाही, हा वाद खुद्द तालमुदातच आहे. बेन अझ्झाई म्हणतो शिकवावी, रब्बी एलिएझर म्हणतो नको. आणि शतकानुशतके चालले ते दुसऱ्याचे. मग मुली शिकल्यासवरल्या खऱ्या, पण घरच्या धर्माला पारख्या झाल्या. दोष मुलींना दिला गेला, हे सांगायला नकोच!

१९१४ च्या युद्धात सारा व्हिएन्नाला गेली. तेथे प्रार्थनामंदिरात तिने एका रब्बींचे प्रवचन ऐकले आणि आपल्या गावच्या बायकांना हे का मिळू नये, असे तिच्या मनाने घेतले. परत येऊन तिने आधी मोठ्या मुलींना गोळा केले, त्या हसल्या. तेव्हा १९१७ साली शिवणाच्या खोलीतच तिने लहान मुलींची शाळा मांडली. तिचे नाव ‘बेस याकोव्ह’, म्हणजे याकोबाचे घर.

गावोगावाहून शाळांची मागणी येऊ लागली, पण शिक्षिका कोठून आणायच्या? तिने आपल्या कोवळ्या वयाच्या शिष्यांनाच पाठवले. पुढे अगुदात इस्राएल या संघटनेचे पाठबळ मिळाले आणि क्राकोत शिक्षिकांचे विद्यालय उभे राहिले. पोरसवदा मुलीने परक्या गावी जावे, जागा मिळवावी, आयाबापांची समजूत घालावी, वर्ग चालवावा! संघटनेचे काम करणाऱ्याला कळेल, की शाळेइतकेच हे पुढारीपणाचे शिक्षण होते. १९३५ साली ती वारली. महायुद्धाच्या आधी अशा शाळा २०० हून अधिक झाल्या होत्या. पोलंडमधल्या त्या शाळा नाझींनी बुडवल्या. कित्येक शिक्षिका आणि मुली मारल्या गेल्या. वाचलेल्यांनी अमेरिकेत व इस्राएलमध्ये हे काम पुढे चालवले.

एक गोष्ट मात्र मला खटकते. या शाळांत तालमूद मुलींना वर्ज्यच राहिला. म्हणजे करार हाती आला, पण कलमाचा अर्थ लावायचा तो दुसऱ्यानेच. ते दार उघडायला फार वर्षे गेली. १९९० साली खाना हेन्किन यांनी जेरुसलेममध्ये ‘निश्मत’ ही संस्था काढली. तेथे स्त्रिया तालमूद शिकतात, आणि त्यांतल्या काही जणी दीर्घ अभ्यासानंतर वैवाहिक जीवनातील शुद्धिनियमांच्या सल्लागार होतात. पहिली तुकडी १९९९ साली बाहेर पडली. ज्या प्रश्नांसाठी बाईला रब्बींपुढे संकोचाने उभे राहावे लागे, किंवा गप्प बसावे लागे, ते ती आता टेलिफोनवर दुसऱ्या बाईला विचारते.