बँकेचा कागद दाराला लागला, तर

डोंगरकडा, वारंगा फाटा, कळमनुरी भागातल्या बंधू-भगिनींनो, आज मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दोनदा-तीनदा सांगणार आहे. दुकानाला, गोदामाला, घराला बँकेचा कागद लागला की आपला माणूस तडक तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागायला जातो. कोर्ट ओळखीचं, वकील ओळखीचा. पण कर्ज तुमचं, गहाणखतावर सही तुमची असेल, तर तिथे आधी जाऊ नका.

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला, हे आता गावोगाव माहीत आहे. त्याच कायद्याचं कलम ३४ मात्र फारसं कुणी वाचत नाही. या कारवाईवरचा दावा दिवाणी कोर्टाने ऐकू नये, मनाईही देऊ नये, असं ते सांगतं. दाद मागायची कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्याला छत्रपती संभाजीनगरला. आणि मुदत ४५ दिवस.

रात्रीची आठ तासांची लाईट आठवा. मोटर चालू केली, विहिरीला पाणी भरपूर, पण अंधारात दांड भलत्याच बाजूला फुटला. पाणी वाहतंय, आवाज येतोय, आपण निर्धास्त. उजाडताना बघावं तर हळद कोरडी आणि लाईट गेलेली. दिवाणी दाव्याचं असंच होतं. तारखा पडतात, काहीतरी चाललंय असं वाटतं. मग बँकेचा वकील उभा राहून सांगतो, या कोर्टाला अधिकारच नाही. तोवर ४५ दिवस वाहून गेलेले असतात.

हे दिवस मोजायचे कधीपासून? इथेच माणसं चुकतात. आधी ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तेव्हाच लेखी हरकत द्या, पोच घ्या; बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. पण त्या उत्तरावर न्यायाधिकरणात जाता येत नाही. पुढे बँक प्रतीकात्मक ताबा घेते: दाराला नोटीस, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात. माणसं घरात तशीच राहत असतात, चूल पेटत असते, म्हणून वाटतं अजून काही झालेलं नाही. झालेलं असतं! अशा ताब्याविरुद्धही न्यायाधिकरणात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. तहसीलदार आणि पोलीस दारात येईपर्यंत थांबू नका. ४५ दिवसांची लाईट आली ती ताब्याची नोटीस दाराला लागली त्या दिवशीच.

कुणी म्हणतं, आमची तर सहकारी बँक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेचं प्रकरण घटनापीठापर्यंत गेलं आणि ५ मे २०२० ला निकाल लागला, सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. कुणी सातबारा पुढे करतं. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे, खरं आहे. पण गोव्यातल्या हॉटेलच्या प्रकरणात २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती नोंद पुरत नाही, जमीन प्रत्यक्षात शेतीसाठी आहे का ते बघावं लागतं. एनए करून बांधलेल्या गोदामाला शेत म्हणू नका.

मग दिवाणी कोर्टाचा दरवाजा कायमचा बंद का? नाही. बँकेने फसवणूकच केली असेल, किंवा तिचं म्हणणं उघड उघड निराधार असेल, तर तिथे जाता येतं, असं २००४ च्या मार्डिया केमिकल्स निकालात म्हटलं आहे. पण ती वाट फार अरुंद आहे. दुसरी वाट मालकीची. विहीरच कुणाची, असा वाद असेल तर दांड कुठे फोडायचा हा प्रश्न नंतरचा. मध्य प्रदेशातल्या एका बाईंचं म्हणणं होतं की त्यांचाही हक्क असलेले भूखंड दिराने परस्पर विकले, आणि घेणाऱ्याने त्यातली जागा बँकेत गहाण टाकली. त्यांच्या मालकीचा वाद दिवाणी कोर्टच ऐकेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही २०२१ मध्ये तिसऱ्या माणसाच्या हक्काला हीच वाट मोकळी ठेवली होती. तेव्हा भावाने तुमचा हिस्सा तुम्हाला न विचारता गहाण टाकला असेल, तर तुमचं कोर्ट तालुक्याचंच. मात्र स्वतः सही करून मग बायकोला पुढे करायचं, हे नको. कोर्टाच्या ते लगेच लक्षात येतं आणि त्या बाईची खरी बाजूही पडते.

संभाजीनगर लांब आहे, मान्य. रोजगार बुडवून तिकडे जाणं सोपं नाही. या न्यायाधिकरणाने महिन्यातून काही दिवस नांदेडला बसावं, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे. पण ते होईपर्यंत मुदत थांबत नाही. पुन्हा सांगते, ४५ दिवस, आणि न्यायाधिकरण.

लिलावाबद्दल बोलायचं राहिलं. इतकंच लक्षात ठेवा की लिलावाची जाहिरात निघाली की थकबाकी भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क संपतो. २०१६ च्या दुरुस्तीने तसं झालं आहे. पैसे उभे होत असतील तर त्याआधी भरा. जामीनदारांचं वेगळं सांगायला हवं होतं, पण वेळ झाली. त्यांनीही आलेली नोटीस फेकू नये, लिफाफ्यासकट ठेवावी. त्यावर टपालाची तारीख असते.