पाळी सोडता येत नाही

बुद्धिबळाच्या पटावर कधीकधी एक विलक्षण अवस्था येते. राजाला शह नाही, कुठलं मोहरं मारलं जाण्याची भीती नाही. तरीही खेळाडू हरतो, कारण पाळी त्याची आहे आणि जे हलवावं त्यातून घात होतो. जर्मनमधून आलेलं ‘झुगझ्वांग’ हे तिचं नाव. या खेळातली कला चाखायची असेल त्यांनी वजिराचे दिमाखदार बळी मागाहून पाहावेत. आधी हे पाहावं.

घरात पट असेल तर ही स्थिती मांडून बघावी. पांढरं प्यादं ई-४ वर, काळं ई-५ वर, समोरासमोर अडलेली. पांढरा राजा एफ-५ वर, काळा डी-४ वर. प्रत्येक राजा आपल्या प्याद्याला जोर देतो आणि समोरच्या प्याद्यावर टपून बसतो. ज्याची पाळी त्याला राजा हलवावाच लागतो. जोर सुटतो, प्यादं जातं, पाठोपाठ डावही. चारच मोहरी, बळ अगदी सारखं, फरक फक्त पाळीचा! गो या खेळात पाळी सोडता येते. इथे ती मुभा असती, तर राजा आणि हत्तीने एकट्या राजावर करायची साधी मातसुद्धा सक्तीने करता आली नसती.

मोहरी विरळ झाल्यावरच बहुधा हे घडतं. म्हणूनच १९२३ साली कोपनहेगनला झालेला झेमिश आणि निमझोविच यांचा डाव इतका गाजला. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या निमझोविचने दोन प्याद्यांच्या बदल्यात घोडा दिला आणि झेमिशची जागा आवळत नेली. पंचविसाव्या चालीला त्याने कडेचं प्यादं फक्त एक घर सरकवलं. झेमिशकडे वजीर, दोन्ही हत्ती, दोन्ही उंट, एक घोडा शाबूत होते. प्याद्यांच्या दोन-चार चाली संपल्या की हात लावेल ते नुकसानच, हे ओळखून त्याने डाव सोडला. निमझोविचची थेट धमकीही होती, म्हणून काही जाणकार याला शुद्ध उदाहरण मानत नाहीत. आक्षेप रास्त आहे; पण त्या एका घराच्या चालीचा दरारा त्याने तसूभरही कमी होत नाही.

अशा डावात कोण काय मारतो यापेक्षा कुणाकडे किती निरुपद्रवी चाली शिल्लक आहेत, हे मोजत राहावं. राजाराजांच्या लढतीत तर मुद्दाम वेळ दवडण्याचं कसब दिसतं. एक राजा तीन घरांचा त्रिकोण करून तीन चालींत मूळ जागी येतो. दुसऱ्याला मात्र दोनच घरांत येरझाऱ्या घालायला जागा असते. स्थिती तीच उरते, पाळी मात्र दुसऱ्यावर येते.