बंदूक आणि फावडे

युद्धाच्या इतिहासात रस्ते बांधणाऱ्यांची नावे फारशी येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियाच्या 2/2 पायोनियर बटालियनची कहाणी म्हणूनच सांगावीशी वाटते. पायदळासारखे लढायचे आणि रस्ते, पूल, खंदकही उभारायचे, हे पायोनियर सैनिकांचे काम. ही बटालियन 1940 साली व्हिक्टोरिया राज्यातल्या पकापुन्याल छावणीत उभी राहिली. पुढच्याच वर्षी लेबनॉनमधील मर्जायूनच्या किल्ल्यावर तिला निव्वळ पायदळ म्हणून चाल करावी लागली आणि तिथे तिची मोठी हानी झाली.

फेब्रुवारी 1942 मध्ये मायदेशी परतणारी ही बटालियन तेव्हा डचांच्या ताब्यात असलेल्या जावा बेटावर उतरवली गेली. ब्रिगेडियर आर्थर ब्लॅकबर्न यांच्या तुकडीत तिने लेउविलियांगजवळ जपानी फौजेला काही दिवस रोखून धरले. मार्चमध्ये डच सेनापतींनी शरणागती पत्करली आणि जवळपास सगळी बटालियन युद्धकैदी झाली. त्यांतल्या अनेकांना ब्रह्मदेश-सयाम रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. 415 किलोमीटरचा हा मार्ग भूक, पटकी आणि मारहाण सोसत बांधला गेला. शेकडो जण घरी परतले नाहीत.

दरम्यान ऑस्ट्रेलियात त्याच नावाची बटालियन नव्याने उभारली गेली. सप्टेंबर 1943 मध्ये तिने न्यू गिनीतील मार्कहॅम नदी ओलांडून नदझाबला उतरलेल्या छत्रीधारी सैनिकांना गाठले आणि लगेच विमानांसाठी धावपट्टी तयार करायला हात लावला. रेल्वेमार्गावरचे तिचे जुने जवान तेव्हाही कैदेतच होते. युद्ध संपले तेव्हा, 1945 मध्ये, त्यांची सुटका झाली.