फुकटची कादंबरी

परवा माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी मोबाईलवर इंग्रजी कादंबरी वाचताना दिसली. नाव ‘आइसब्रेकर’. बर्फावर स्केटिंग करणारी मुलगी आणि आइस हॉकी संघाचा कर्णधार यांची ही प्रेमकथा. खेड्यातली मुलगी हौसेने एवढे जाडजूड पुस्तक वाचते, याचा मला आनंद झाला. विचारले, “कुठून आणलंस?” ती म्हणाली, “सर, फुकट मिळालं. मैत्रिणीने पीडीएफ पाठवली.”

आता रागवावे, तर कोणत्या तोंडाने? विद्यार्थिदशेत मीही एका अख्ख्या कादंबरीची झेरॉक्स काढली होती! म्हणून तिला नुसता हिशेब सांगितला.

हॅना ग्रेस या इंग्लंडमधील लेखिकेने हे पुस्तक २०२२ साली स्वतःच प्रसिद्ध केले. वाचकांनी उचलून धरले, तेव्हा मोठा प्रकाशक पुढे आला. अशा खेळांच्या प्रेमकथा लिहिणाऱ्या अनेक जणी आपली पुस्तके ‘किंडल अनलिमिटेड’ या वर्गणीच्या योजनेत ठेवतात. तेथे २०१५ पासून वाचलेल्या पानांच्या प्रमाणात मोबदला मिळतो. चोरट्या प्रतीची हजार पाने वाचली, तरी लेखिकेच्या पदरात दमडी पडत नाही. मग तिने पुढचे पुस्तक लिहावे कशाच्या बळावर?

“पण सर, पैसे नसतील तर वाचूच नये का?” प्रश्न रास्त होता. अहो, विकत घेतलेले पुस्तक मैत्रिणीला वाचायला द्यावे. त्यात गुन्हा नाही. आपला विळा शेजाऱ्याला उसना देणे वेगळे आणि त्याच्या शेतातली कणसे न विचारता मोडून आणणे वेगळे. परवानगीवाचून प्रती काढून वाटण्यास १९५७चा कॉपीराइट कायदा मनाई करतो. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी मात्र पुस्तक सर्वांचे होते. साने गुरुजींचे साहित्य २०११ पासून असे मुक्त आहे.

शिवाय गावोगावी वाचनालये आहेत. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्यांना सरकारी अनुदान मिळते. शिक्षकबंधू-भगिनींनो, मुलांना तेथे न्या, हवे ते पुस्तक मागायला शिकवा. प्रेमकथा मागितली, तरी नाके मुरडू नका, बरं का!

त्या मुलीने वाचनालयात मागणी नोंदवली. मीही ती जुनी कादंबरी विकत आणली. लेखक आता हयात नाहीत; उशीरच झाला. पण त्यांच्या वारसांना हक्काचे चार पैसे तरी पोचतील.