तंबाखू, तरतरी आणि आपली संप्रेरके



सातारा-सांगलीकडे निपाणीची तंबाखू ठाऊक नाही असे घर विरळाच. गड्याच्या कानावर विडी, तर चुलीपुढे बाईच्या बोटाला मशेरी. "एक ओढली की तरतरी येते," असे आपण म्हणतो. ही तरतरी येते कुठून?

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. वाघ समोर आला, की त्या ॲड्रिनलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, यकृतातली साखर रक्तात उतरते. तंबाखूतले निकोटीन नेमके हेच करते. वीस विड्या म्हणजे वाघ नसताना वीस वेळा पळायची तयारी! इन्शुलिनचे कामही अडखळते. म्हणून विडीवाल्याला मधुमेहाचा धोका अधिक. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी सरासरीने लवकर जाते. मशेरीतले निकोटीनही हिरड्यांवाटे रक्तातच जाते.

सोडल्यावर नाडी संथ होते. पहिले तीन-चार दिवस मात्र कठीण. चीड येते, झोप मोडते. तीन-चार आठवड्यांत ते बरेच ओसरते. एक गोष्ट ध्यानात ठेवा. विडीच्या धुरामुळे चहातले कॅफीन शरीरातून लवकर निघून जाते. विडी सुटली, की तोच चहा दुप्पट बाधतो आणि बेचैनीचा दोष विडी सोडण्यावर येतो. तेव्हा चहाही निम्मा करा.

गुरुजींनी एवढे वर्गात सांगावे. पोरे घरी बापाला सांगतील. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहे.