जवानाच्या दमाची पारख

(भाषणाचा सारांश)

पाठीवर ओझे, हाती शस्त्र आणि समोर उभी चढण, अशा वेळी जवानाला तारतो तो त्याचा दम. दंडातील बळ डोळ्यांना दिसते. दम मात्र दिसत नाही. फुप्फुसांनी प्राणवायू घ्यावा, हृदयाने तो रक्तावाटे स्नायूंपर्यंत पोहोचवावा आणि स्नायूंनी तो वापरावा, या कार्याच्या क्षमतेस हृदय-श्वसन क्षमता म्हणतात.

तिचे अचूक मापन प्रयोगशाळेत होते. सरकत्या पट्ट्यावर धावणाऱ्या व्यक्तीच्या उच्छ्वासाचे पृथक्करण करून ती दर मिनिटास जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरते, हे ठरविता येते. परंतु संपूर्ण पलटणीची अशी परीक्षा घेणे व्यवहार्य नसते. म्हणून सोप्या कसोट्या शोधल्या गेल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात लुसियन ब्रुहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पायरी-चाचणी तयार केली. ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. २० इंच उंचीच्या बाकावर मिनिटास ३० वेळा, या गतीने ५ मिनिटे चढउतार करावयाची. नंतर बसून विश्रांतीच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मिनिटांच्या पहिल्या अर्ध्या भागात नाडीचे ठोके मोजावयाचे. समजा, ते ८०, ६५ आणि ५५, म्हणजे एकूण २०० भरले. श्रमाच्या ३०० सेकंदांना १०० ने गुणून ठोक्यांच्या दुपटीने, म्हणजे ४०० ने, भागले की ७५ हा गुणांक येतो. ८० च्या वरचा चांगला, ९० किंवा अधिक उत्कृष्ट. याचा अर्थ असा, की श्रमानंतर हृदय किती लवकर शांत होते, यावर दमाची पारख होते.

१९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १२ मिनिटांच्या धावेची कसोटी मांडली. ११५ जणांच्या धावेचे अंतर आणि प्रयोगशाळेतील मापन यांचा मेळ त्यांना फार चांगला आढळला. त्यांच्या सूत्रानुसार १२ मिनिटांत २४०० मीटर धावणारा मनुष्य शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे मिनिटास सुमारे ४२ मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतो.

या कसोट्यांनाही मर्यादा आहेत. धावणाऱ्याची जिद्द, उन्हाचा ताप आणि अपुरी झोप यांचा निकालावर परिणाम होतो. लडाखसारख्या उंच प्रदेशात प्राणवायू विरळ असल्याने सपाटीवरील गुणांक तेथे तसाच लागू पडत नाही. तेथे प्रथम शरीराला हवामानाची सवय व्हावी लागते.

भारतीय सेनेच्या भरतीतही १.६ किलोमीटरची धाव असते. त्यासाठी गावोगावचे तरुण पहाटे रस्त्यावर धावतात. पुष्कळदा भरतीची तारीख जवळ आली की सराव एकाएकी वाढविला जातो. अंगात ताप असला तरी तो लपविला जातो. हे जिवावर बेतू शकते. तेव्हा प्रथम वैद्यकीय तपासणी, मग हळूहळू वाढणारा सराव आणि पंधरवड्यातून एकदा नाडीची नोंद, हा क्रम शिक्षकांनी घालून द्यावा. ग्रामपंचायतीने वाहनांपासून सुरक्षित असे मैदान मोकळे करून द्यावे. घड्याळ आणि वही एवढ्या साधनांवर हे कार्य होऊ शकते.

कसोटीचा खरा हेतू तरुणाला नापास करण्याचा नाही. काल तो कोठे होता आणि आज कोठे पोहोचला, हे त्याला दाखवून देणे, हाच तो हेतू होय.